धूर धुणारं पाणी

१८ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत तपकिरी काचेच्या बाटल्या धूत होते. हे काम खरं तर माझं नाही, पण नमुन्याच्या बाटल्या मी दुसऱ्या कुणाला धुऊ देत नाही. आधी आम्लात, मग शुद्ध पाण्यात, मग ओव्हनमध्ये. बाटलीत आधीचं काही राहून गेलं, तर पुढची सगळी पायपीट फुकट जाते. बाटल्या गार झाल्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरल्या आणि दुपारच्या गाडीने कर्जतला निघाले.

परत आल्यावर सोसायटीत ज्याने त्याने विचारलं, "धबधबा पाहिलात का?" नोव्हेंबरात कसला धबधबा? कर्जत म्हणजे पावसाळा आणि फार्महाऊस, एवढंच आपल्याकडे लोकांना ठाऊक असतं. मी गेले होते धूर बघायला. तेव्हा ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांसाठी एकदाच लिहून टाकते.

खालापूर तालुक्यात एक कागद कारखाना आहे. त्याचं स्वतःचं कोळशावर चालणारं छोटं वीजकेंद्र आहे. त्याच्या धुराड्यातला थोडासा धूर बाजूला काढून त्यातला कार्बन डायऑक्साइड वेगळा करायचा, असा एक प्रयोग तिथे चालू आहे. पद्धत सांगायला सोपी आहे. एका उंच मनोऱ्यात खालून धूर सोडतात आणि वरून अमाइन नावाचं रसायन मिसळलेलं पाणी झिरपवतात. हे द्रावण धुरातला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं. मग ते दुसऱ्या मनोऱ्यात नेऊन तापवलं की धरलेला वायू सोडून देतं आणि पुन्हा कामाला लागतं. असं ते गोल गोल फिरत राहतं.

अडचण ही, की ते कायम टिकत नाही. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरलं की काळं पडतं, फेसाळतं, वास मारतं. तसंच याचं होतं. धुरातला ऑक्सिजन आणि तापवण्याची उष्णता, दोन्ही मिळून त्याला मोडत जातात. मोडलं की अमोनिया सुटतो, आम्लं तयार होतात, रंग चहासारखा होतो. हे सगळीकडेच होतं, पण हळूहळू. खालापूरला मात्र ते भलतंच लवकर झालं होतं. का झालं, ते शोधायला मला बोलावलं होतं.

कर्जत, मंगळवार संध्याकाळ

घाट उतरल्याचं काही सांगत नाही. गाडीत मी झोपले होते. स्टेशनवर विद्या गायकवाड न्यायला आली होती. त्या प्रयोगाच्या युनिटची इन्चार्ज. तिशीतली असेल, नेरळजवळच्या पोशीरची, तिथल्या बौद्धवाडीतली. रसायन अभियांत्रिकी शिकून गुजरातेत नोकरी केली आणि हे काम मिळालं म्हणून परत आली. हातात कागदाची पुडी होती.

"करांदे आहेत, मॅडम. उकडलेले. बाहेर ठाकरवाडीतल्या बायका विकायला बसतात. पुण्यात मिळत नसतील."

मिळत नाहीत. बटाटा आणि सुरण यांच्या मधली चव, थोडी कडसर, मिठाबरोबर छान लागते. पहिला मी सालीसकट खाल्ला. दुसरा विद्याने मला सोलून दिला.

रिक्षात तिने हातचं न राखता सगळं सांगितलं. शुक्रवारी मुंबईच्या ऑफिसातले साहेब येणार होते. हे द्रावण या धुरात टिकत नाही असं माझ्या अहवालात आलं, तर युनिट बंद करायचं हे जवळजवळ ठरलेलं होतं. तिची बदली होणार आणि तिथली माणसं परत कागद कारखान्यात कंत्राटावर जाणार.

"रिपोर्ट काय यायचा तो येऊ दे," ती म्हणाली. "पण कारण कळलं पाहिजे. नुसतं 'टिकत नाही' लिहून जाऊ नका."

मी म्हटलं, नुसतं लिहायला मी येत नाही.

माझी राहायची सोय पळसदरीला केली होती. युनिटचे फोरमन भोईर यांचं घर तिथे धरणाच्या वाटेवर आहे. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी त्यांनी मागे दोन खोल्या काढल्यात. मधल्या वारी त्या रिकाम्याच असतात. भोईर अठ्ठावन्नच्या आसपासचे, हडकुळे, कमी बोलणारे. त्यांची बायको सिंधूताई सगळी कसर भरून काढते.

जेवायला तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी आणि आंबट वरण होतं. मी सासवडकडची. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची नाहीतर बाजरीची, परातीत थापायची. इथे तांदळाच्या पिठाची उकड काढून हातावरच वळवतात. पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटलेली. मी चार खाल्ल्या. सिंधूताईंनी बाजूला बसून माझी उलटतपासणी घेतली. नवरा काय करतो, मुलगी कुठे असते, एकटी कशी हिंडता. मग प्लांटवर घसरल्या.

"ताई, धूर पकडून त्याचं करतात काय हो?"

"सध्या मोजतात आणि परत सोडून देतात."

"परत सोडतात?"

"प्रयोग आहे ना. आधी पकडता येतो का ते बघायचं. पुढे साठवायचा, नाहीतर कशात तरी वापरायचा."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "इतके दिस ह्यांनी मला ह्ये सांगितलंच नाय. पकडायचा न् सोडायचा. मासं बी कोन असं धरत नाय गं बाय."

भोईर खाली मान घालून जेवत होते. "मोजायला नको का?" एवढंच म्हणाले.

सिंधूताईंचा प्रश्न विनोदी वाटला तरी चुकीचा नव्हता. माझ्या धंद्यात तो कुणी विचारत नाही, कारण प्रत्येकाच्या वाट्याला एकच तुकडा आलेला असतो. माझ्या वाट्याला द्रावण आलं आहे. ते टिकलं नाही तर पुढचं सगळं बोलणं व्यर्थ, एवढं खरं. पण टिकलं म्हणून पुढचं होईलच असंही नाही. त्या रात्री मी यावर फार विचार केला नाही. झोप आली होती.

खालापूर, बुधवार

सकाळी भोईरांच्या स्कूटरवर मागे बसून निघाले. मांडीवर बाटल्यांचं खोकं. दोन्ही बाजूंना भात कापून झालेलं होतं. खळ्याखळ्यावर भाताच्या पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या, कुठे झोडणी चाललेली, आणि मोकळ्या झालेल्या शेतात ओल आहे तोवर वाल टाकायची घाई. सह्याद्रीची भिंत उजेडात स्वच्छ दिसत होती. एका वळणावर बैल आडवे आले, भोईरांनी ब्रेक दाबला आणि मी खोकं वाचवायच्या नादात कोपर फोडून घेतलं. बाटल्या शाबूत राहिल्या. भोईर म्हणाले, "म्याडम, दुसरं कोनी असतं तर आधी मला धरलं असतं."

युनिट लहान आहे. दोन मनोरे, पंप, नळांचं जाळं आणि द्रावणाची एक स्टीलची टाकी. आत शिरताच नाकाला झोंबणारा वास आला. जुन्या सार्वजनिक मुतारीचा असतो तसा. तो अमोनिया. एका बाजूला खराब द्रावणाची पिंपं लावून ठेवली होती, त्यांच्यावर धोक्याची चिन्हं. ती विल्हेवाटीला जायची असतात. धूर धुतला की धुण्याचं पाणी उरतं, आणि तेही कुठेतरी न्यावं लागतं. हे आपण घरी कपडे धुताना विसरतो तसं इथेही विसरायला सोपं आहे.

नमुना काढला. रंग चहाचा नव्हे, काकवीचा. पांढऱ्या बशीत पातळ करून पाहिला तेव्हा कडेला किंचित हिरवट झाक वाटली. डोळ्यांवर मी भरवसा ठेवत नाही. सगळ्या ठिकाणचे नमुने काढून कारखान्याच्या गाडीने लगेच पुण्याला पाठवले.

संध्याकाळी पुण्याहून सहकाऱ्याचा फोन आला. लोखंड होतं, ते असणारच. पण तांबंही होतं, आणि भरपूर.

इथे थोडं थांबून सांगते. तांबं अशा द्रावणात हळूहळू विरघळतं आणि विरघळलं की ऑक्सिजनच्या हातात कोलीतच देतं. स्वतः संपत नाही, फक्त मोडतोडीचा वेग वाढवत राहतं. म्हणून असल्या प्लांटमध्ये तांबं-पितळ मुळीच वापरत नाहीत. विद्याने तर खरेदीच्या वेळी एकेक वस्तू स्वतः पारखून घेतली होती. मी तिला फोनवर सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा चिडली.

"शक्य नाही, मॅडम. सगळं स्टेनलेस आहे. तुमच्या बाटल्या तपासा."

माझ्या बाटल्या. मी दहा आकडे मोजले आणि म्हटलं, "उद्या सकाळी मिळून शोधू."

खालापूर आणि पळसदरी, गुरुवार

दिवसभर आम्ही तिघं त्या नळांमागे लागलो. विद्या, मी आणि भोईर. झडपा, पंपांची पाती, सांध्यांच्या चकत्या. एका दाबमापकाला पितळेची फिटिंग निघाली तेव्हा विद्याचा चेहरा उजळला, पण द्रावण तिथवर पोचतच नव्हतं. पातळी राखायला घालतात ते पाणीही तपासलं, स्वच्छ होतं. मी भोईरांना सरळ विचारलं, "या प्लांटमध्ये कुठेही तांबं किंवा पितळ बसवलंय का? दुरुस्तीत, घाईत, काहीही?"

त्यांनी डोळे मिटून विचार केला. नुसतं उत्तर द्यायचं म्हणून नव्हे; मनातल्या मनात सगळा प्लांट फिरून आले असावेत. "नाय म्याडम. एक बी नाय. सगळं स्टील हाय."

विद्याच्या केबिनमध्ये टेबलावर बुद्धाची लहानशी मूर्ती आणि भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे. तिथे बसून आम्ही गार झालेला चहा प्यायलो. ती म्हणाली, "म्हणजे उद्या तुम्ही लिहिणार, तांबं आहे, कुठून आलं माहीत नाही. ते म्हणतील, बाईला स्वतःचा प्लांट माहीत नाही."

मी हो म्हटलं. खोटा धीर देऊन काय करायचं होतं?

संध्याकाळी पळसदरीला ओट्यावर बसले होते. सिंधूताई चुलीपुढे. पाणी मागितलं तर स्टीलच्या लोट्यात दिलं. डोक्यात दिवसभर तांबंच होतं, म्हणून सहज म्हटलं, "आमच्याकडे रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवतात. तुमच्याकडे नाही का ती पद्धत?"

"होता की गडू. सासूबायचा. ह्यांनी नेला न् टाकीत सोडला."

"कुठल्या टाकीत?"

"तुमच्या त्या धुराच्या. नवी टाकी नाय का भरायची होती तवा? नव्या इहिरीत पानी लागलं की आमच्यात तांब्याचा गडू सोडतात. तोंडाला लाल फडकं बांधायचं, आत सुपारी, हळद. पानी टिकतं मग, इटत नाय. ह्ये म्हनले, टाकी बी इहिरीसारखीच."

आमच्याकडे विहिरीला नारळ आणि खण वाहतात. गडू सोडतात हे मला ठाऊक नव्हतं. भोईर मागे पडवीत पाय धूत होते. जेवताना असले विषय काढायचे नाहीत हा माझा नियम आहे, आणि त्या बाईने माझ्यासाठी मुद्दाम वालाचं बिरडं केलं होतं. ते चवीने खाल्लं असं मात्र म्हणवत नाही.

जेवणं झाल्यावर भोईरांना अंगणात बोलावलं.

"गडू अजून टाकीत आहे?"

"हाय की. तळाला."

"मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

ते खरोखरच गोंधळले. "तुमी मशिनीत काय बसवलंय ते विचारलं. गडू बसवलेला नाय. तो देवाचा हाय."

मी त्यांना सांगितलं. तांबं काय करतं, रंग का बदलला, वास कसला. ते तिथल्याच दगडावर बसले.

"पानी टिकावं म्हनून टाकला होता," म्हणाले. मग विचारलं, "तुमी लिवनार?"

"लिहिणार. न लिहिता इथून जाता येणार नाही. तुमचं नाव लिहायची मला गरज नाही. पण गडू आला कसा हे साहेब विचारणार आणि उत्तर विद्याला द्यावं लागणार. त्यांच्यासमोर कळण्याआधी तिला तुमच्याकडून कळलं पाहिजे."

"तुमीच सांगा ना."

"नाही."

"नोकरीचं काय नाय हो. सरत आली ती." त्यांनी टॉवेलने पुन्हा एकदा कोरडे पाय पुसले. "त्या दिवशी विद्याम्याडम घरी गेल्यावर केलं आमी सगळं. त्यांच्यात देव-पूजा नसती. त्यांना बरं वाटनार नाय म्हनून सांगितलं नाय. मग राहूनच गेलं. आता पोरीला वाटंल, मुद्दाम लपवलं."

"ते आता तिलाच ठरवू द्या."

आतून सिंधूताईंचा आवाज आला. "अवो, पन सासूबायचा गडू परत मिळनार का नाय?"

खालापूर, शुक्रवार

सकाळी भोईर सरळ केबिनमध्ये गेले. मी बाहेर थांबले असते, पण त्यांनी दार उघडंच ठेवलं, म्हणून ऐकू आलं. त्यांनी पहिल्यापासून सांगितलं, कुठेही सारवासारव केली नाही. विद्या उभी होती ती उभीच राहिली.

"कोण कोण होतं?"

"सगळीच होतो. म्होरं मी होतो."

"आणि मला सांगावंसं कुणालाच वाटलं नाही."

"तुमचं देव-धरम नसतं म्हनून—"

"नसतं म्हणून मला विचारायचंही नसतं का, काका?" तिचा आवाज चढला नव्हता. "विचारलं असतं तर मी स्टीलचा गडू आणून दिला असता."



टाकी रिकामी करायला दुपार झाली. विद्याने कुणालाही आत उतरू दिलं नाही. सगळ्यांना मास्क लावायला लावले, टाकीत हवा खेळू दिली आणि वरूनच लांब आकडीने गडू काढायला सांगितला. आकडी भोईरांनी धरली. गडू वर आला तेव्हा त्याचा काठ कुरतडल्यासारखा झाला होता आणि एका अंगाला पिंपळपानासारखा पातळ. फडकं केव्हाच गेलेलं. विद्याने तो हातमोज्यात धरून फिरवून पाहिला आणि माझ्याकडे दिला. मी पिशवीत घालून त्यावर चिठ्ठी लावली.

बैठकीत मुंबईचे साहेब आले ते युनिट बंद करायच्या तयारीनेच. मी त्यांना जे माहीत होतं तेवढंच सांगितलं. द्रावण लवकर मोडलं हे खरं. टाकीत तांबं होतं हेही खरं. तांबं नसतं तर ते किती टिकलं असतं हे मी सांगू शकत नाही, कारण तसं ते इथे कधी चाललंच नाही. तेव्हा या प्रयोगावरून द्रावण चांगलं ठरत नाही आणि वाईटही ठरत नाही. विद्याला याहून जास्त हवं होतं, हे मला दिसत होतं. पण माझ्याकडे याहून जास्त नव्हतं.

साहेबांनी पिशवीतला गडू पाहिला. "कुणी टाकला?"

भोईर दाराशी उभे होते, ते पुढे सरकले. विद्या आधी बोलली. "प्लांट माझा आहे. टाकीत काय आहे हे इन्चार्जला माहीत असायला हवं होतं. मला नव्हतं. तेच लिहा."

"म्याडम, गडू मी टाकला," भोईर म्हणाले.

"ते मी सांगेन, काका. तुम्ही थांबा."

साहेबांनी दोघांकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. शेवटी ठरलं ते असं. विद्याला लेखी समज. भोईरांना टाकीच्या कामावरून काढून बाहेरच्या पंपांवर. आणि गोदामात नव्या द्रावणाची पिंपं आहेत तेवढ्यावर एकदाच, पुन्हा पहिल्यापासून प्रयोग. ते टिकलं तर पुढे, नाहीतर बंद. विद्या ना हसली, ना तिने आभार मानले. तिने टाकी धुवायला किती पाणी लागेल ते विचारलं.

शनिवार

सकाळी टाकी धुऊन कोरडी होती. पिंपं ओळीने लागली होती आणि माणसं पंप सुरू व्हायची वाट बघत होती. पंप सुरू होईना, कारण विद्या बटणापाशी उभी राहून भोईरांकडे बघत होती. ते आता त्यांच्या नव्या जागेवर, पंपांच्या शेडमध्ये होते.

"काका, काय करायचं असतं ते करून घ्या," ती म्हणाली. "माझ्यासमोर. नारळ बाहेर फोडा, पॅनेलवर पाणी उडता कामा नये. आणि आत काही जाणार नाही."

भोईर आले. शर्टाच्या खिशातून हळदीची पुडी काढली. म्हणजे घरून निघतानाच घेतली होती. टाकीला बाहेरून हळदीचं बोट लावलं. नारळ फाटकाबाहेर जाऊन फोडला आणि खोबरं सगळ्यांत वाटलं. विद्याने तिचा तुकडा घेतला आणि खात खातच बटण दाबलं.

टाकी भरल्यावर मी हातमोजे चढवले, तळाच्या नळाखाली बाटली धरली आणि पहिला नमुना काढला. पाण्यासारखा स्वच्छ होता. बाटलीवर शून्य लिहिलं, झाकण घट्ट केलं आणि पुण्याची गाडी गाठली.